पाण्याखालचं माप

विहिरीला पाणी लागलं आणि माझ्या बापाला वर बोलावलं.

पाणी लागलं तेव्हा तळात बापच होता. त्याच्या पहारीचा घाव बसला आणि खडकाच्या चिरेतून ओल फुटली. तो खालून ओरडला, "लागलं! पानी लागलं की वो!" काठावर एकच गलका उडाला. बहात्तरच्या दुष्काळात आमचं गाव टँकरवर जगत होतं, आणि टँकर यायचा तेव्हा यायचा. माणसं रडली. सरपंचांनी फेटा काढून डोळ्यांना लावला. मग फेटा परत डोक्यावर ठेवला आणि पहिला हुकूम सोडला.

"महारांनो, वर या आता."

आमच्या गावची ही रीतच होती. विहीर आम्ही खणायची. सुरुंगाची भोकं आम्ही पाडायची, धुरात आम्ही उतरायचं, दगड आम्ही फोडायचा. पाणी लागलं की वर यायचं. वर येण्याआधी पहिलं पाणी आम्हीच उपसून टाकायचं, कारण त्याला आमचे पाय लागलेले. मग वरून गोमूत्र शिंपडायचं. त्यानंतर साचेल ते पाणी गावाचं. आम्ही धर्म बदलला, देव टाकले, नाव बदललं. विहिरीनं काही बदललं नाही.

त्या सकाळीही उपसा झाला. बाप खाली डोल भरत होता, वर चौघं यारीचे दांडे फिरवत होते. ही यारी म्हणजे विहिरीच्या काठावर रोवलेलं ओढायचं यंत्र. दोन्ही बाजूंनी दांडे फिरवले की तारेचा दोर गुंडाळला जातो आणि डोल वर येतो. माणसंही त्याच डोलातून खालीवर करायची. भरलेला डोल वर आला की मुरमाच्या ढिगावर ओतायचा. दुष्काळात. पाणी. ढीग सूं करून पिऊन टाकायचा. माझी आत्या रिकामी घागर काखेत घेऊन शेजारी उभी होती. तिनं दोन महिने याच विहिरीचा दगड डोक्यावरून वाहिलेला. ती ढिगाला म्हणाली, "पी बाबा, पी. तुजी जात चालती त्यास्नी."

कोणी हसलं नाही. मला हसू आलं होतं. मी ते गिळलं. गिळायची सवय होती.

मी तेव्हा सोलापुरात वसतिगृहात राहून शिकत होतो. अकरावीची परीक्षा देऊन सुट्टीत घरी आलो होतो. आमचं गाव सांगोल्याच्या बाजूला, माळावर. घरी येऊन बसून खायची सोय नव्हती, म्हणून दुष्काळी कामावर गेलो. विहीर दुष्काळी कामातलीच होती. सरकारी. फळीवर मोठ्या अक्षरांत 'सार्वजनिक विहीर' असं लिहिलेलं. आमच्यातले बहुतेक ती फळी वाचू शकत नव्हते. ज्यांना वाचता येत होती त्यांनी ती वाचली नव्हती.

दुपारी ओव्हरसियर साहेब जीपमधून आले. पांढरा सदरा, मऊ बोलणं. विहिरीचं काम संपलं, आता शेवटचं माप घ्यायचं. उद्या पूजा होणार, त्याआधी माप व्हायला हवं. मापाला एक माणूस तळात लागतो. टेपचं कडं त्यानं खाली धरायचं, साहेबांनी वरून वाचायचं.

खाली कोण उतरणार? गावातलं कोणी पुढं होईना. सुरुंगानं खडक सैल झालेला, कधी कुठला दगड सुटेल सांगता येत नव्हतं. सरपंच इकडंतिकडं बघत राहिले. त्यांची दोन्ही पोरं चपला नीट करायला लागली.

साहेब माझ्याकडं वळले. "तू शिकतोस ना रे? टेप धरता येईल?"

"येईल साहेब."

सरपंच म्हणाले, "उतरू द्या. पर ए पोरा, उजव्या अंगाला वाळला दगड हाय. त्यावर उबा ऱ्हायचं. पान्याला पाय लागला न्हाय पायजे."

"व्हय तात्या," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. कोणी माझा हात पिरगाळला नव्हता.

डोलात बसून मी खाली गेलो. आत जाताना आभाळ गोल होत जातं. काठावरची तोंडं लहान होत जातात आणि शेवटी आभाळावर नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. मला भीती वाटत होती. सुरुंगाच्या दारूचा वास अजून तळात होता. घसा खवखवत होता. भिंतीतून मुरमाचे कण सुटून पडायचे, आणि प्रत्येक वेळी मी मान आत ओढायचो.

तळ सपाट नव्हता. उजव्या अंगाला खडकाचा उंच टप्पा राहिलेला, कोरडा. डावीकडचा भाग बापानं सगळ्यात शेवटी फोडलेला, सगळ्यात खोल. तिथंच झरा लागला होता. उपशानंतर तिथं पुन्हा गुडघाभर पाणी साठलं होतं. स्वच्छ. तळाचा दगड दिसत होता. दगडावर पहारीच्या पांढऱ्या खुणा दिसत होत्या.

वरून टेप आली. साहेबांचा आवाज आला, "कडं त्या कोरड्या दगडावर धर."

"साहेब, तळ खाली हाय. पाण्यात."

"माहीत आहे रे. पाण्याखालचं आपण अंदाजानं धरू."

मी कडं हातात धरून पाण्याकडं बघितलं.

शाळेत वृत्तचितीचं घनफळ शिकवलेलं. आमच्या शाळेमागं यंत्रमाग होते, त्यांच्या खडखडाटात मास्तरांना ओरडून शिकवावं लागायचं. त्यांनी टेबलावर पुठ्ठ्याच्या गोल चकत्या एकावर एक रचल्या आणि ओरडले, "वर्तुळावर वर्तुळ ठेवत गेलं की वृत्तचिती! वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा, उंचीनं गुणा! झालं घनफळ!" मला ती भाकरीची चळत वाटली होती, म्हणून ते कायमचं डोक्यात बसलं. मास्तर पुढं म्हणाले होते, "विहीर म्हणजेसुद्धा वृत्तचितीच. फक्त ती पोकळ."

त्या विहिरीतली प्रत्येक चकती माझ्या लोकांनी काढली होती. मातीची, मुरमाची, मांजऱ्याच्या मऊ दगडाची, खडकाची. आणि सगळ्यात खालची, सगळ्यात कठीण, तिच्यापायी माझ्या बापाच्या तळव्याची सालटी निघालेली, ती आता अंदाजानं धरायची. कारण तिच्यावर पाणी आलं होतं आणि पाण्यात माझा हात चालत नव्हता.

मी ठरवून केलं असं म्हणणार नाही. ठरवण्याइतका मी शुद्धीत नव्हतो. मी दगडावरून उतरलो. पाणी पायाला लागलं. इतकं गार होतं की अंगावर काटा आला. मी वाकलो, हात पाण्यात घातला आणि टेपचं कडं बापाच्या पहारीच्या खुणेवर दाबून धरलं.

"धरली साहेब!"

वर साहेबांनी टेप ताणली. आकडा वाचला. मग टेप गुंडाळायला लागले, आणि शेवटचा ओला तुकडा त्यांच्या हातात आला. मला खालून दिसलं, त्यांनी खिशातून रुमाल काढला. आधी टेप पुसली. मग आपली बोटं पुसली. एकेक.

सरपंचांनीही ते बघितलं.

"ओली कशी झाली?"

साहेबांनी रुमाल खिशात घातला.

"ए पोरा! टेप कुटं धरलीस?"

मी परत दगडावर चढून उभा होतो. पायातून पाणी ठिबकत होतं. वरून त्यांना पाय दिसत नसणार, तळात सावली होती. मी खोटं बोललो असतो तर चाललं असतं. त्यांनाही तेच हवं होतं.

"तू दगडावरच धरलीस ना? म्हन, दगडावर धरली. टेप आपसूक भिजली. म्हन, आनि ये वर."

मी वर बघत राहिलो.

"दगडावर धरली म्हन!"

साहेब काठावर वाकून मऊ आवाजात म्हणाले, "अरे, बोलून टाक ना. एका वाक्याचं काम आहे. मला उजेडात सांगोल्याला पोचायचंय."

मी तरी गप्प. हे धाडस नव्हतं. भीतीनं माझा आवाजच निघत नव्हता.

तेव्हा सरपंच यारीकडं वळून म्हणाले, "दांड्यावरचा हात काढा रे."

यारीवर आमचीच माणसं होती. बाप, माझा चुलता, आणखी दोघं. चौघांनी हात काढले. माझ्या बापानंही काढला. मला वरून यारी अडकवायची खीळ घातल्याचा आवाज आला. खट्ट. डोल माझ्यासमोर लोंबकळत होता, आणि तो आता नुसता लोखंडाचा तुकडा होता.

"बस तितंच," सरपंच म्हणाले. "झरा फुटला म्हंजी कळंल. बुडशील, तवा बोलशील."

खरी भीती काय असते ते मला त्या वेळी कळलं. शाळेत छडीची भीती असते, वसतिगृहात काढून टाकण्याची भीती असते. ती वेगळी. ही भीती दातांत असते. माझे दात वाजत होते आणि मला ते थांबवता येत नव्हते. पाणी वाढतंय असं वाटायचं. बघायचो तर तिथंच. पुन्हा वाटायचं, वाढलं. मी भिंतीकडं बघितलं, चढता येईल का. हात लावला तर मुरूम हातात आला. वरून एक दगड सुटला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर पाण्यात पडला. कोणी सोडला की आपोआप सुटला, हे मला आजही माहीत नाही. मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो आणि डोक्यावर हात धरले.

बापाचा आवाज आला. "म्हन की रं. म्हन, दगडावर धरली. तुज्या पाया पडतो."

बाप मला असं कधी म्हणाला नव्हता.

मी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर काही तरी धरायला हवं होतं. देव आम्ही सोडलेला. मग मी गणित धरलं. खरंच सांगतो, दुसरं काही सुचलंच नाही. विहिरीचा व्यास अठ्ठावीस फूट, तो पहिल्या दिवशी मीच खुंट्या ठोकून बघितलेला. त्रिज्या चौदा. चौदा चोक छप्पन्न, चौदा चौदे एकशे शहाण्णव. त्याला बावीस सप्तमांशानं गुणायचं. सातानं भागून अठ्ठावीस, अठ्ठावीस गुणिले बावीस. मधेच विसरलो. पुन्हा सुरुवात केली. सहाशे सोळा.

सहाशे सोळा चौरस फूट तळ. म्हणजे फूटभर जाडीची पाण्याची एक चकती सहाशे सोळा घनफूट. घनफुटात आपला पत्र्याचा डबा दीड भरतो. एक फूट पाणी चढायला नऊशेच्या वर डबे पाणी यावं लागेल. नऊशे.

मी डोळे उघडून झऱ्याकडं बघितलं. चिरेतून करंगळीएवढी धार येत होती. एक डबा भरायला तिला किती वेळ लागेल? मनातल्या मनात डबा खाली धरला आणि तो भरेपर्यंत वाट बघितली. मग नऊशेनं गुणायच्या आधीच मला कळलं.

मी आज बुडणार नव्हतो. उद्याही नाही.

त्यांनी मला बुडण्याची भीती घातली होती आणि मी ती घेतली होती, न मोजता. माझ्या बापानंही घेतली होती, त्याच्या बापानंही. कोणी मोजली नव्हती. दगड पडायचा तो पडणारच होता, ती भीती खरी होती आणि ती तशीच राहिली. दात अजून वाजतच होते. पण एक भीती कमी झाली, आणि तेवढ्या जागेतून माझा आवाज निघाला.

"पाण्यात धरली!"

विहिरीनं ते दोनदा म्हटलं.

"तळाला धरली! पाण्यात हात घालून धरली!"

मग शिव्या. आई, बहीण, जात. त्या लिहीत नाही, वाचणाऱ्यांना त्या पाठ असतील. साहेबांच्या जीपचा आवाज आला आणि दूर गेला. माप त्यांना मिळालं होतं. माणूस खाली होता.

त्यानंतर आत्याचा आवाज ऐकू आला.

"दादा, लेकरू खाली हाय आनि तू हात चोळत हुबा ऱ्हायलास व्हय?"

"ए बाई," सरपंच म्हणाले, "लांब हो तितनं."

"लांबच हाय की तात्या. जल्मापास्नं लांबच हाय. आता आनि किती लांब जाऊ, सांगोल्याला?"

खीळ काढल्याचा आवाज आला. दोर हलला. डोल वीतभर वर गेला, थरथरला आणि पुन्हा खाली आला. एकटीनं यारी फिरत नाही. तिनं पुन्हा जोर लावला. डोल पुन्हा वीतभर. पुन्हा खाली. मी धावत जाऊन डोलात बसलो. कडी इतकी घट्ट धरली की नंतर दोन दिवस बोटं उघडत नव्हती.

"बगत्यात नुस्ती," ती म्हणत होती. "चार बापय हाइत आनि चार बी खांब. दादा, सोड तुजी पोरगी माज्या घरात द्यायचा इचार. भित्र्याची लेक मला नगं."

त्या क्षणी मला हसू आलं आणि या वेळी ते मी गिळलं नाही. मग दोराला एकदम ओढ लागली. जोराची, सरळ. मला खालून दिसत नव्हतं, पण ती ओढ बापाची होती हे मला कळलं. दोन महिने, तो यारीवर असला की, मी त्याच ओढीनं वर येणारे दगड बघितले होते.

वर आलो तेव्हा बापानं माझ्याकडं बघितलं नाही. सरपंच मला नाही, त्याला म्हणाले, "उद्या सकाळी पूजेच्या आदी चावडीवर यायचं. चार मानसांत ह्यानं म्हनायचं, दगडावर धरली. म्हनला, तर आमचा गडी वरनं तुमच्या घागरीत पानी वतंल. न्हाय म्हनला, तर थेंब न्हाय. आनि टँकर बंद व्हनार हाय, ठावं हाय न्हवं?"

संध्याकाळी वस्तीतली माणसं आमच्या दारात जमली. सगळ्यांना वाटत होतं मी म्हणावं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या घरात लेकरं होती. चुलता म्हणाला, "सबुदच हाय बाबा. सबदानं काय झिजतंय?" बाप कोपऱ्यात बसून होता. शेवटी तो बोलला. "सोलापूरला धाडलं ते तू वर यावास म्हनून. तू समद्यास्नी खाली न्ह्यायला लागलास."

सोलापुरात मी चळवळीची पत्रकं वाचली होती. वसतिगृहात उशाखाली ठेवून वाचायचो, त्यातली वाक्यं पाठ होती. तिथं बापाला द्यायचं उत्तर छापलेलं नव्हतं.

मी एवढंच म्हणालो, "बा, फळीवर सार्वजनिक लिहिलंय. सगळ्यांची. ओतून घ्यायची नाही. आपण भरायचं."

"आनि मारलं तर?"

"मारतील."

"तुला भ्या न्हाय वाटत?"

"लई वाटतंय," मी म्हणालो. "आतासुद्धा वाटतंय."

एकेकजण उठून गेला. आत्या तेवढी बसून राहिली. ती म्हणाली, "माजी घागर लई जड हाय. तू धाकली घे."

सकाळी मी चावडीवर गेलो. चार नव्हे, सगळं गाव होतं. सरपंचांनी विचारलं. मी चावडीचा खांब धरला. म्हणालो, "तळाला धरली. पाण्यात. आणि आता पाणी भरायला आलोय." खांब सोडला आणि विहिरीकडं चालू लागलो. मागं आत्या. तिच्यामागं आणखी तीन बायका, आणि दोन पुरुष. बाप नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगतो. दगड आले. आत्याच्या खांद्याला लागला, माझं कपाळ फुटलं. घागर भरली नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, भरली नाही. टँकर खरंच आमच्या वस्तीला थांबेनासा झाला. बायका दोन कोसांवरून ओढ्यातले झरे उकरून पाणी आणायच्या आणि मला ऐकवायच्या. आठवड्यानं तालुक्याहून पोलीस आले ते आम्हालाच समजवायला. त्यानंतर कधीतरी घागर भरली, आणि मग रोज भरू लागली. बाप माझ्याशी आजही कामापुरतं बोलतो. तो त्या विहिरीचं पाणी पितो. मी ते कधी त्याला बोलून दाखवलेलं नाही.

लोकांना वाटतं त्या दिवशी माझी भीती गेली. गेली नाही. सभेत बोलायला उभा राहिलो की माझे दात अजून वाजतात. विहिरीच्या काठावर उभं राहून मला अजून खाली बघवत नाही. धाडस वगैरे शब्द माझ्यासाठी कोणी वापरू नयेत.

त्या दिवसातली एकच गोष्ट मी सोडायला तयार नाही. सरपंचांनी दांड्याला हात लावला नव्हता. यारी त्यांना फिरवताही येत नव्हती. मला खाली ठेवलं ते आमच्या चार माणसांच्या रिकाम्या हातांनी, आणि वर काढलं तेही आमच्याच हातांनी. मधल्या वेळात फक्त एक हुकूम होता. बाकी काही नव्हतं.

म्हणून मी वस्तीवस्तीत जाऊन हेच सांगतो, आणि मारून टाकेपर्यंत हेच सांगणार. खाली आपला माणूस असेल तर हुकूम ऐकायचा नाही. थरथरत का होईना, दांडा धरायचा. आणि ओढायचं.